घरावर सोलर बसवलं, आता इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये काय लिहायचं?

जून-जुलै आला की आमच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय असतात. एक नवीन प्रवेश आणि दुसरा इन्कम टॅक्सचं रिटर्न. फॉर्म 16 हातात पडतो आणि मधल्या सुट्टीत कागद पसरले जातात. यंदा त्यात तिसरा विषय आला, सोलरचा. आमच्या एका सहकारी सरांनी गेल्या हिवाळ्यात घराच्या गच्चीवर सोलर पॅनल बसवले. त्यांना मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. घरावर सोलर लावा, खर्चाच्या 30 टक्के रक्कम टॅक्समधून परत मिळवा, असं त्यात हिंदीत सांगितलं होतं. सर आम्हाला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्यांचे फॉर्म भरून देता. माझे हे 30 टक्के कोणत्या रकान्यात टाकायचे?"

आम्ही रिटर्नचा फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. असा रकाना नव्हता. पण सरांनी ज्याला रिटर्न भरायला दिलं होतं, तो एजंट म्हणत होता, "मी बसवतो कुठेतरी. रिफंड आला की मला त्यातले दहा टक्के द्या." हे ऐकल्यावर आम्हाला वाटलं की हा विषय एकदा नीट लिहूनच काढावा. कारण हा प्रश्न एकट्या सरांचा नाही. जालना, अंबड, भोकरदन, परतूर, कुठेही जा, गच्च्यांवर निळे पॅनल दिसू लागले आहेत आणि प्रत्येक घरात कुणीतरी हेच विचारतंय.

सरळ उत्तर आधी सांगतो. आपल्या देशात राहत्या घरावर सोलर बसवल्याबद्दल पगारदार माणसाला इन्कम टॅक्समध्ये वेगळी सूट मिळत नाही. जुन्या कर प्रणालीत नाही आणि नवीन प्रणालीतही नाही. सरकार मदत करतं, आणि चांगली करतं, पण ती मदत रिटर्नमधून येत नाही. ती सबसिडी म्हणून थेट बँक खात्यात येते. दोन्हींचा रस्ता वेगळा आहे, कागद वेगळे आहेत. रस्ता चुकला की सबसिडी अडकते, नाहीतर टॅक्सची नोटीस येते.

मग तो 30 टक्क्यांचा व्हिडिओ खोटा होता का?

पूर्ण खोटा नव्हता, पण तो आपल्या देशाचा नव्हता. अमेरिकेत 2022 च्या कायद्यानुसार घरावर सोलर बसवणाऱ्याला खर्चाच्या 30 टक्के एवढी रक्कम आयकरातून कमी करून मिळत होती. घराच्या खिडक्या-दारं बदलणं, भिंतीत उष्णतारोधक थर भरणं अशा कामांसाठीही 30 टक्केच, पण वर्षाला 1,200 डॉलरच्या मर्यादेत सूट होती, आणि हीट पंपासाठी वेगळी 2,000 डॉलरपर्यंत. त्यासाठी तिथले लोक रिटर्नसोबत फॉर्म 5695 भरत. जुलै 2025 मध्ये तिथे नवीन कायदा झाला आणि 31 डिसेंबर 2025 नंतरच्या खर्चासाठी या दोन्ही सवलती बंद झाल्या. म्हणजे तो व्हिडिओ तिथेसुद्धा आता जुना झाला आहे. ज्यांचे मामू, चाचा, भाऊ अमेरिकेत आहेत त्यांच्याकडून असे सल्ले प्रेमाने येतात. पण कायदा आपण जिथे टॅक्स भरतो तिथलाच लागतो.

यात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टॅक्समधून सूट मिळवायची तर आधी टॅक्स लागायला हवा. आपल्याकडे 2025-26 या आर्थिक वर्षापासून नवीन प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य होतो. पगारदारांना 75,000 ची प्रमाण वजावट धरून ही मर्यादा 12 लाख 75 हजारांपर्यंत जाते. आता समजा एखाद्या शिक्षकाचा वर्षाचा पगार 9 लाख आहे. त्याला नवीन प्रणालीत टॅक्स लागतच नाही. त्याला 30 टक्के सूट दिली तरी ती कशातून कापणार? सबसिडीला मात्र ही अट नाही. टॅक्स भरणारा शिक्षक असो, नाहीतर कधीच रिटर्न न भरलेला गवंडी, रिक्षावाला, घरी शिवणकाम करणारी आपा असो, ज्याच्या नावावर घराचं वीजबिल आहे त्याला सबसिडीचा हक्क सारखाच. आपल्या बहुतेक घरांसाठी ही पद्धत जास्त फायद्याची आहे.

सबसिडी किती आणि कशी?

योजनेचं नाव पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना. फेब्रुवारी 2024 मध्ये ती सुरू झाली. देशातल्या 1 कोटी घरांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आहे, त्यासाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे. हिशोब असा:

1 किलोवॉटला 30,000 रुपये.
2 किलोवॉटला 60,000 रुपये.
3 किलोवॉट किंवा त्याहून जास्त असेल तर 78,000 रुपये. त्याच्या वर सबसिडी वाढत नाही.

योजना आखताना सरकारने पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी 50,000 आणि तिसऱ्यासाठी 45,000 रुपये खर्च धरला होता. म्हणजे 3 किलोवॉटचे 1,45,000. त्यातले 78,000 सरकारचे आणि बाकी आपले. बाजारात दर कमी-जास्त असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणचं कोटेशन घ्यावं. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये तो कोणत्या दराने लावलाय तेही बघावं.

1 किलोवॉटचे पॅनल साधारण दिवसाला 4 युनिट, म्हणजे महिन्याला 120 च्या आसपास युनिट वीज देतात आणि त्यांना अंदाजे 100 चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. आधी वर्षभराची बिलं काढून महिन्याचे युनिट बघा. 110-120 युनिट जाळणाऱ्या घराला 3 किलोवॉटची गरज नाही, विकणारा काहीही म्हणो.

गरीब घरांसाठी राज्य सरकारने वरून आणखी मदत जोडली आहे. महावितरणमार्फत चालणाऱ्या 'स्मार्ट' नावाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला 1 किलोवॉटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500 रुपये मिळतात. महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्या सर्वसाधारण गटातल्या घराला राज्याकडून 10,000 आणि अनुसूचित जाती-जमातीच्या घराला 15,000 मिळतात. आपल्या मोहल्ल्यात अशी घरं बरीच आहेत आणि त्यांच्यापर्यंत ही माहिती सर्वांत शेवटी पोहोचते. वाचणाऱ्यांनी ती पुढे सांगावी.

अर्जाचा क्रम

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाईल नंबर आणि वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी होते. मग पोर्टलवरच्या यादीतला नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, त्याच्याशी करार करायचा, काम करून घ्यायचं. त्यानंतर महावितरणकडून नेट मीटर बसतो आणि तपासणी होते. ती झाली की पोर्टलवर आपल्या बँक खात्याची माहिती भरायची आणि सबसिडी त्या खात्यात जमा होते. म्हणजे पैसे काम झाल्यावर येतात, आधी नाही.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, नाहीतर सबसिडी मिळत नाही, तेव्हा बिलावर तसं लिहून घ्या. विक्रेत्याने 5 वर्षं देखभाल करायची असते, ती करारात आहे का बघा. आणि सबसिडी ग्राहकाच्याच खात्यात येते. कुणी "तुमची सबसिडी मी काढून देतो, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवून द्या.

आमच्या घरी गाडी कुठे अडली

आमच्या घराचं मीटर आमच्या मरहूम दादांच्या नावावर होतं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. बिल दर महिन्याला येत होतं, आम्ही भरत होतो, नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सोलरचा अर्ज करायला बसलो तेव्हा कळलं की अर्ज बिलावरच्या नावानेच होतो आणि बँक खातंही त्याच नावाचं लागतं. दादांचं खातं कुठून आणणार?

मग आधी वीजजोडणीवरचं नाव बदलायचा अर्ज केला. मृत्यूचा दाखला, घराचे कागद आणि बाकीच्या वारसांची ना हरकत. इथे आमच्या फुफी थांबल्या. त्यांना वाटलं, सही दिली की घरातला हिस्सा गेला. त्यांची भीती चुकीची नव्हती. आपल्याकडे बहिणींच्या सह्या कशाकशावर घेतल्या जातात ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्यांच्या घरी गेलो, अर्जाची प्रत समोर ठेवली आणि एकेक ओळ उर्दूत वाचून समजावली. वीजबिलावरचं नाव म्हणजे मालकी नाही. मालकी सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर असते, खेड्यात गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर असते. वीज वापरणारा कोण, एवढंच बिल सांगतं. वारसांचा हिस्सा त्याने कमी होत नाही. ना हरकतीवर "फक्त वीजजोडणीच्या नावापुरतं" असे शब्द आम्ही स्वतःच लिहिले, त्यांना प्रत दिली, मग त्यांनी सही केली. ज्या घरात फुफी, खाला, बहिणींच्या सह्या लागतील तिथे असंच करावं. समजावल्याशिवाय सही मागू नये आणि वाचल्याशिवाय देऊ नये.

दुसरी अडचण स्पेलिंगची. बिलावर एक शेख, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठे अब्दुल एका शब्दात, कुठे दोन. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नाहीच. आपल्या नावांचं इंग्रजी प्रत्येक कार्यालयाने आपापल्या मर्जीने केलेलं असतं. मराठीत, उर्दूत नाव एकच वाचलं जातं, पण संगणक अक्षरं मोजतो. अर्ज करायच्या आधी बिल, आधार, पासबुक एकाखाली एक ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. आमचे चार महिने याच दोन गोष्टींत गेले.

पैसे कुठून आणायचे?

सबसिडी नंतर येते, म्हणून आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. सरकारी बँका यासाठी 2 लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर इतर कर्जांपेक्षा कमी ठेवला आहे. पण व्याज ते व्याजच, आणि आपल्यातली अनेक घरं त्यापासून लांब राहू इच्छितात. त्यांनी 3 किलोवॉटचाच हट्ट धरू नये. 1 किंवा 2 किलोवॉट घेतलं तरी सबसिडीचं प्रमाण तेच, उलट पहिल्या दोन किलोवॉटला ते जास्तच आहे. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. दोघींनी आपला नंबर आला तेव्हा ती रक्कम यातच घातली. कुणी भावाकडून कर्ज-ए-हसना घेतलं आणि सबसिडी जमा झाली त्याच आठवड्यात मोठा हिस्सा परत केला. घेताना लिहून ठेवलं होतं, त्यामुळे नात्यात कटुता आली नाही.

आता पुन्हा रिटर्नकडे

31 मार्च 2026 ला संपलेल्या वर्षाचं रिटर्न 1961 च्या आयकर कायद्यानेच भरायचं आहे. त्यात सोलरच्या नावाखाली एजंट कुठे हात घालतात ते बघू.

कलम 80 क. "घराच्या खर्चात दाखवू," असं म्हणतात. पण हे कलम घर विकत घेण्या-बांधण्याच्या मुद्दलासाठी आहे. घर राहतं झाल्यावर केलेली वाढ, बदल, दुरुस्ती यांचा खर्च त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. गच्चीवर नंतर बसवलेलं सोलर यात बसत नाही.

कलम 24 ब. हे घराच्या कर्जावरच्या व्याजासाठी आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज वर्षाला 30,000 पर्यंत वजा होतं, तेही जुन्या प्रणालीत. नवीन प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. कलमात सोलरचं नाव नाही. घर बांधतानाच गृहकर्जात सोलर धरलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसतं सोलरसाठी घेतलेलं कर्ज "दुरुस्ती" म्हणून लिहायचं असेल तर सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्यावा, एजंटच्या तोंडी शब्दावर लिहू नये. आणि रोखीने सोलर घेतलं असेल तर व्याजच नाही, तेव्हा वजावटीचा प्रश्नच नाही.

घर भाड्याने दिलं असेल तर भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट मिळतेच. सोलरचा वेगळा खर्च त्यात जोडता येत नाही. हा 30 टक्के आणि व्हिडिओतला 30 टक्के, दोन्ही एकच समजणारेही आम्हाला भेटले.

दुकान, कारखाना, वर्कशॉप यांची गोष्ट निराळी. व्यवसायासाठी बसवलेल्या सोलरवर पुस्तकी हिशोब ठेवणाऱ्याला वर्षाला 40 टक्के दराने घसारा मिळतो. पण घराची सबसिडी दुकानाला नाही. आणि जे छोटे दुकानदार अंदाजित उत्पन्नावर, कलम 44 अड ने रिटर्न भरतात, त्यांना घसारा वेगळा मागता येत नाही, तो त्यातच धरलेला असतो.

"मिळालेली सबसिडी उत्पन्नात दाखवायची का?" हाही प्रश्न येतो. 2015 मध्ये गॅसच्या सबसिडीवरून हीच चर्चा झाली होती. तेव्हा सरकारने खुलासा केला होता की व्यक्तीच्या कल्याणासाठी दिलेली अशी सबसिडी उत्पन्न धरली जाणार नाही. घरगुती सोलरची सबसिडी त्याच जातीची आहे. मात्र पोर्टलवरचं मंजुरीपत्र, विक्रेत्याचं बिल आणि पासबुकातली नोंद फाईलमध्ये लावून ठेवा. कुणी विचारलं तर कागद बोलेल.

आणखी एक टॅक्स आहे ज्यात सोलरची सवलत मिळू शकते, तो म्हणजे घरपट्टी. पुणे महापालिका सोलर, पावसाचं पाणी साठवणं, गांडूळखत यांपैकी एक असेल तर 5 टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के सूट देते. हा निर्णय प्रत्येक पालिकेचा स्वतःचा असतो. आपल्या घरपट्टी विभागात जाऊन विचारायला पैसे लागत नाहीत. पण त्याचा इन्कम टॅक्सच्या रिटर्नशी काही संबंध नाही.

"बसवतो कुठेतरी" याची किंमत

14 जुलै 2025 ला आयकर विभागाने देशभर 150 ठिकाणी तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे एजंट त्यांचं लक्ष्य होते. घरभाडं, देणगी, आजारपण, शैक्षणिक कर्ज, इलेक्ट्रिक गाडीचं कर्ज, कशाच्याही नावाने वजावट. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 लोकांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते, असं विभागानेच सांगितलं. चुकीची माहिती देऊन टॅक्स बुडवला असं ठरलं तर त्या टॅक्सच्या दुप्पट दंड लागतो, वर व्याज. आणि रिटर्नवर नाव आपलं असतं. पासवर्ड एजंटकडे असला तरी नोटीस आपल्याच ईमेलवर येते, आणि तोवर एजंटने दुकानाची पाटी बदललेली असते. कुणी आधीच असं काही टाकलं असेल तर मुदतीत सुधारित रिटर्न भरून ते काढता येतं. लाजायचं कारण नाही, उशीर मात्र करू नये.

आमच्या सरांनी एजंटकडून कागद परत घेतले. त्यांचं रिटर्न आम्ही स्टाफरूममध्ये बसून वीस मिनिटांत भरलं. नवीन प्रणाली, टॅक्स शून्य, सोलरचा उल्लेख कुठेही नाही. मग विचारलं, "सर, तुमची 78,000 ची सबसिडी जमा झाली का?" त्यांना माहीतच नव्हतं. पोर्टल उघडलं तर मीटरची तपासणी होऊन तीन महिने झाले होते आणि बँक खात्याचा रकाना रिकामा होता. 30 टक्क्यांच्या मागे लागून हक्काचे 78,000 पोर्टलवर पडून होते. त्याच दिवशी खातं भरलं.

म्हणून सोलर बसवलेल्या प्रत्येक घराने आज एवढं करावं. पोर्टल उघडून आपला अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते बघावं. बिलावरचं नाव तपासावं. आणि शेजारी एखादं 100 युनिटच्या आतलं घर असेल तर त्यांना राज्याच्या योजनेबद्दल सांगून, जमलं तर अर्जही भरून द्यावा. एक गोष्ट आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर नाराजी नको. लाईट गेली की हे साधं सोलरही बंद पडतं, कारण खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ते तसं ठेवलेलं असतं. आणि बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो. बाकी जालन्याच्या एप्रिल-मेमधलं ऊन आपल्याला कुणाकडून मागून आणावं लागत नाही.